डोळ्याच्या नसेचे स्कॅनिंग: पुण्यातील एका नेत्रतपासणी केंद्राविषयी

डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी गेलेल्या रुग्णाला पहिल्याच आठवड्यात ‘ओसीटी करून या’, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचा प्रकाशाने घेतलेला स्कॅन करून या, असे सांगितले जाते आणि पुढचे काही महिने हा स्कॅन त्याची पाठ सोडत नाही. माझ्या उजव्या डोळ्याला हा आजार, म्हणजे इस्केमिक ऑप्टिक न्यूरोपथी, झाल्यापासून पुण्यातील ज्या नेत्रतपासणी केंद्रात मी हे स्कॅनिंग करून घेतो, त्या केंद्राच्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी दिलेले नाही, कारण येथे नोंदवलेले गुणदोष कोणत्याही शहरातले केंद्र निवडताना तपासून पाहता येतील आणि वाचकाला त्याचाच उपयोग अधिक आहे. यंत्रे आता बहुतेक मोठ्या गावांत आली आहेत. फरक पडतो तो स्कॅन घेणाऱ्याच्या चिकाटीने आणि अहवाल वाचणाऱ्याच्या जाणकारीने, आणि या दोन्ही बाबतींत हे केंद्र मला मनापासून उजवे वाटले.

आजाराबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय सेवेचे मोल कळणार नाही. डोळ्यातील प्रतिमा मेंदूकडे नेणारी जी दृष्टिचेता, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, तिच्या डोळ्यालगतच्या टोकाला पोस्टीरिअर सिलिअरी धमन्यांच्या बारीक शाखा रक्त पुरवतात. हा पुरवठा अपुरा पडला की चेतेचे तोंड सुजते आणि नजर जाते. बहुतेक रुग्णांना दुखत काहीच नाही. पुष्कळांना सकाळी उठल्यावर लक्षात येते की एका डोळ्यापुढे दृश्याचा खालचा किंवा वरचा अर्धा भाग करडा पडला आहे. माझे असेच झाले होते, खालचा भाग गेला होता. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहनसिंग हेरे यांनी या रक्तवाहिन्यांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि रात्री झोपेत रक्तदाब फार उतरणे हे या आजाराचे एक कारण असू शकते, हे त्यांनीच आग्रहाने मांडले. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेल्यांना धोका अधिक असतो. यातले पहिले दोन माझ्याकडे अनेक वर्षांपासून आहेत.

आजाराचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि या केंद्राने माझा विश्वास मिळवला तो याच जागी. बहुसंख्य रुग्णांना होणारा प्रकार धमनीदाहाशिवायचा, म्हणजे धमन्यांच्या भिंतींना दाह नसतानाचा, असतो. दुसरा प्रकार जायंट सेल आर्टेरायटिस या धमनीदाहामुळे होतो. तो आपल्याकडे उत्तर युरोपातल्यापेक्षा कमी आढळतो, पण त्यात तातडीने स्टिरॉईड सुरू झाले नाही तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दुसराही डोळा जाऊ शकतो. स्कॅनसाठी नाव नोंदवताना तेथील ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी मला विचारले की भाकरी चावताना जबडा भरून येतो का, केस विंचरताना टाळू दुखते का, अलीकडे नवी डोकेदुखी किंवा बारीक ताप आहे का, वजन उतरले आहे का. त्यानंतर शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या झाल्या आहेत का, हे विचारून त्यांनी त्यांचे आकडे फॉर्मवर लिहून घेतले. पन्नाशी ओलांडलेल्या आणि चेतेला सूज असलेल्या प्रत्येक रुग्णाला हे प्रश्न विचारायचेच, असा तेथे नियम आहे. माझ्या रक्ततपासण्या झालेल्या होत्या आणि आकडे ठीक होते. माझ्याआधी बसलेल्या एका आजोबांच्या तपासण्या झालेल्या नव्हत्या, तेव्हा बाईंनी त्यांच्या मुलाला स्पष्ट सांगितले, ‘‘दादा, स्कॅन उद्या झाला तरी चालेल, रक्त आजच द्या आणि डॉक्टरांना फोन करून मगच घरी जा.’’ आलेले गिऱ्हाईक परत पाठवण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते. स्कॅन कितीही सुंदर असला तरी त्यासाठी थांबून राहण्यात डोळा गमावण्याचा धोका असेल, तर तो पुढे ढकललाच पाहिजे.

ओसीटी म्हणजे ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी. अमेरिकेतील एमआयटीच्या जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९१ मध्ये प्रथम जगापुढे मांडले आणि २०२३ मध्ये फुजिमोटो, हुआंग व एरिक स्वॉन्सन यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. डोळ्यात अवरक्त प्रकाशाचा झोत सोडून वेगवेगळ्या थरांवरून परतणारा प्रकाश मूळ झोताशी पडताळला जातो आणि त्यावरून प्रत्येक थराची खोली काढली जाते. सध्याची यंत्रे सुमारे पाच मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा, फरक दाखवतात. यात क्षकिरण नाहीत, सुई नाही, आणि डोळ्याला कशाचा स्पर्शही होत नाही. चेतेच्या तोंडाभोवती सुमारे ३.४ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ धरून तेथील चेतातंतूंच्या थराची जाडी मोजायची, ही यातली मुख्य तपासणी. निरोगी प्रौढ माणसात ही सरासरी जाडी ढोबळमानाने ९० ते १०० मायक्रॉन असते.

प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांची असली तरी आजारी डोळ्याच्या बाबतीत ती सोपी नसते. हनुवटी ठेवण्याची जागा स्पिरिटने पुसून तिच्यावर नवा कागद लावला गेला. ‘‘काका, कपाळ पट्टीला चिकटवा, दात एकमेकांवर ठेवा आणि हिरव्या खुणेकडे बघत राहा,’’ असे तंत्रज्ञ मुलाने सांगितले. डाव्या डोळ्याचे काम चटकन झाले. उजव्या डोळ्याने मात्र ती खूण दिसेना, आणि ती शोधताना बुबूळ सारखे हलू लागले. अशा वेळी घाईत जसा येईल तसा स्कॅन घेऊन मोकळे होणारी माणसे मी पाहिली आहेत. या मुलाने यंत्राच्या बाजूचा छोटा दिवा फिरवून माझ्या चांगल्या डोळ्यासमोर आणला आणि त्याच्याकडे पाहायला सांगितले, म्हणजे आजारी डोळाही आपोआप योग्य दिशेला स्थिर झाला. त्यानंतर सिग्नलचा, म्हणजे स्कॅनच्या स्पष्टतेचा, आकडा दहापैकी पाचच आला, तेव्हा त्याने डोळ्यात कृत्रिम अश्रूंचा थेंब घातला, दोन-तीनदा पापणी मिटायला लावली आणि पुन्हा स्कॅन घेतला. सहापेक्षा कमी सिग्नलचा स्कॅन आम्ही डॉक्टरांकडे पाठवतच नाही, असे तो म्हणाला. धूसर सिग्नलमुळे थर असतो त्याहून पातळ मोजला जाऊ शकतो, त्यामुळे हा काटेकोरपणा मला अगदी आवश्यक वाटतो.

पुढची पायरी अहवाल वाचण्याची, आणि खरे कौशल्य तेथेच लागते. यंत्र थराच्या वरची व खालची कड स्वतःच रेघ ओढून ठरवते आणि दोन रेघांमधले अंतर म्हणजे जाडी. चेता फार सुजलेली असेल तर खालची कड सावलीत जाते आणि रेघ भलतीकडे उडी मारते. माझ्या पहिल्या स्कॅनमध्ये नाकाकडच्या बाजूला असेच झाले होते. अहवाल पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला पडद्यासमोर बसवून, रेघ कोठे घसरली आहे ते बोटाने दाखवले आणि तो भाग हाताने दुरुस्त करून मगच आकडा कायम केला. सरासरी जाडी १९०च्या पुढे होती, दुप्पट. डाव्या डोळ्याची ९६. ‘‘एवढी जाडी ही सूज आहे, तब्येत नव्हे,’’ हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

ते दोनदा का सांगितले, हे महिन्याभराने कळले. मध्यंतरी गावाकडे असताना तेथल्या जवळच्या एका केंद्रात मी डॉक्टरांच्या सूचनेनुसार पुढचा स्कॅन करून घेतला होता. तेथील अहवालात उजव्या डोळ्याची सरासरी जाडी ९८ आली, सगळे भाग हिरव्या, म्हणजे निरोगी मानल्या जाणाऱ्या, रंगात आले, आणि खाली ‘नॉर्मल’ असा शेरा देऊन कागद माझ्या हातात ठेवण्यात आला. घरच्यांना केवढा आनंद झाला! मला दिसत मात्र काही जास्त नव्हते. पुण्यात मॅडमनी तो कागद पाहून समजावले की सूज उतरत असताना जाडीचा आकडा वरून खाली येतो, आणि खाली जाताना वाटेत काही दिवस तो निरोगी माणसाच्या आकड्यातून जातोच. एकीकडे सूज कमी होत असते आणि दुसरीकडे तंतू मरत असतात. दोन्हींची बेरीज त्या दिवसापुरती ‘नॉर्मल’ दिसते. सूज पूर्ण ओसरायला साधारण सहा ते अकरा आठवडे लागतात आणि तोवर या एका आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. तिसऱ्या महिन्यातील स्कॅनमध्ये सरासरी ६४वर आली आणि वरचा अर्धा भाग लाल झाला. वरच्या तंतूंचा नाश म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या खालच्या भागातला अंधार. फील्ड तपासणीच्या, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर काळा पडलेला खालचा अर्धा भाग आणि स्कॅनवरचा हा लाल भाग एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. दोन कागद शेजारी ठेवून त्यांनी ते दाखवले तेव्हा माझ्या डोळ्याला नेमके काय झाले आहे, हे मला पहिल्यांदा नीट समजले.

सूज असतानाच्या काळात काय पाहावे, याचेही उत्तर या केंद्राकडे आहे. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूभोवती, म्हणजे मॅक्युलामध्ये, गँगलियन पेशींचा थर असतो. याच पेशींचे तंतू पुढे चेतेत जातात. चेतेच्या तोंडाशी असलेली सूज या थरापर्यंत सहसा पोहोचत नाही, म्हणून पेशींचा ऱ्हास येथे काही आठवड्यांतच दिसू लागतो. माझ्या गावाकडच्या अहवालात ही तपासणी केलेलीच नव्हती. पुण्यात ती प्रत्येक वेळी, वेगळे पैसे न घेता, त्याच बैठकीत केली जाते. महिन्याभरानंतर पुण्यात घेतलेल्या स्कॅनमध्ये हिरव्या रंगातल्या त्या फसव्या आकड्याच्या जोडीला मॅक्युलाचा वरचा अर्धा भाग स्पष्टपणे पातळ झालेला होता, आडव्या मध्यरेषेवर जणू पट्टी ठेवून कापल्यासारखा. ज्यांना या आजारासाठी ओसीटी सांगितले आहे त्यांनी केंद्र निवडताना ‘चेतेबरोबर मॅक्युलाच्या गँगलियन पेशींचाही स्कॅन करता का’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

रंगांविषयी आणखी एक गोष्ट. हिरवा, पिवळा आणि लाल हे रंग यंत्रात साठवलेल्या निरोगी लोकांच्या मोजमापांशी तुलना करून ठरतात. त्या वयाच्या शंभरातल्या सर्वांत पातळ एकापेक्षाही पातळ असाल तर लाल, पाचांत असाल तर पिवळा. हा साठा काही शे लोकांचा असतो, आणि मोठा मायनस नंबर असलेल्यांचे डोळे त्यात नीट बसत नाहीत. त्यामुळे निरोगी डोळाही लाल दिसू शकतो आणि हळूहळू झिजणारा डोळाही बराच काळ हिरवा राहू शकतो. मी भूमी अभिलेख विभागात भूकरमापक म्हणून नोकरी केली. एकाच जमिनीची फेरमोजणी करताना जुन्या मोजणीतले आधारबिंदू सापडले तरच हद्द सरकली की नाही हे सांगता येते, तसेच या स्कॅनचे आहे. स्वतःच्याच मागच्या स्कॅनशी, त्याच यंत्रावर, त्याच जागी केलेली तुलना सगळ्यांत भरवशाची. येथील यंत्र डोळ्याच्या रक्तवाहिन्यांची जाळी ओळखून पुढच्या वेळी त्याच जागेवर स्कॅन घेते, आणि केंद्र जुन्या फायली जपून ठेवते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांना लावून पाहू नयेत, अशी ठळक सूचना त्यांच्या प्रत्येक अहवालावर छापलेली आहे.

आजारी डोळ्यापेक्षाही मला आता चांगल्या डोळ्याची काळजी अधिक वाटते आणि केंद्रानेही तीच घेतली. या आजारात चेतेचे तोंड जन्मतःच लहान आणि दाटीवाटीचे असण्याची शक्यता फार असते. मधली खळगी जवळजवळ नसतेच. माझ्या डाव्या डोळ्यातही ती नाही. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीतील रुग्णांमध्ये पाच वर्षांत सुमारे १५ टक्के लोकांच्या दुसऱ्या डोळ्यालाही हा आजार झाल्याचे आढळले. मॅडमनी हे घाबरवण्याच्या सुरात सांगितले नाही, पण लपवलेही नाही. डाव्या डोळ्याचा पूर्ण स्कॅन काढून ठेवला, चेतेच्या आत ड्रुझेन नावाचे कॅल्शियमचे कण दडलेले नाहीत ना, हे खोलवर जाणाऱ्या स्कॅनने पाहिले, आणि रक्तदाबाची रात्रीची गोळी व झोपेतील घोरणे याविषयी फिजिशियनशी बोलायला चिठ्ठी दिली. त्यांच्या फॉर्ममध्ये चालू औषधांचा वेगळा रकाना आहे. त्यात हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे अमिओडॅरोन आणि लैंगिक दुर्बलतेवरील गोळ्यांबरोबर सेमाग्लुटाईडचीही चौकट आहे. युरोपीय औषध नियामक संस्थेच्या समितीने जून २०२५ मध्ये हा आजार सेमाग्लुटाईडचा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम असल्याचे नमूद केले. आपल्याकडे मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठी हे औषध घेणारे वाढत आहेत, तेव्हा हा रकाना ठेवणाऱ्या माणसाचे कौतुक केले पाहिजे.

केंद्रात ओसीटी अँजिओग्राफीही उपलब्ध आहे. रंगद्रव्य न टोचता, एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेऊन, वाहत्या रक्तामुळे होणाऱ्या बदलांवरून केशवाहिन्यांचे जाळे त्यात रेखाटले जाते. चित्र विलक्षण देखणे येते. पण तंतू मेले म्हणून तेथील केशवाहिन्या विरळ झाल्या, की केशवाहिन्या विरळ झाल्या म्हणून तंतू मेले, हे त्या एका चित्रावरून ठरत नाही, आणि माझ्या उपचारात त्याने काही बदल होणार नव्हता. मी विचारल्यावर मॅडमनी हे सरळ सांगितले आणि ती तपासणी मी केली नाही. हातातून रंगद्रव्य टोचून करायची फ्लुओरेसीन अँजिओग्राफी मात्र धमनीदाहाचा संशय असेल तेव्हा अजूनही उपयोगी पडते, कारण डोळ्याच्या मागच्या रक्तपटलात रंग पोहोचायला लागणारा उशीर तिच्यात दिसतो. मळमळ होऊ शकते आणि नंतर एक-दीड दिवस लघवी गडद पिवळी-केशरी होते, ही सूचना तेथे मराठीत भिंतीवर लावलेली आहे.

स्कॅनने दृष्टी परत येत नाही, हे मी येथे स्पष्ट लिहितो, कारण प्रतीक्षागृहात भेटणाऱ्या अनेकांना तशी आशा असते. चेतेभोवतीचे आवरण कापून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया वर उल्लेख केलेल्या अमेरिकन चाचणीत तपासली गेली. १९९५ मध्ये ती निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरू शकणारी असल्याचे जाहीर झाले. त्याच चाचणीत काहीही न केलेल्या रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांची नजर सहा महिन्यांत तक्त्यावर तीन ओळी किंवा त्याहून अधिक सुधारली होती. माझी दोन ओळी सुधारली. त्याच काळात स्कॅनमधला थर पातळ होत गेला होता, म्हणून जाडीचा आकडा उतरला की नजरही तेवढीच उतरणार, असे समजून कोणी खचू नये. सरासरी जाडी पन्नासच्या आसपास आली की ती आणखी खाली फारशी जात नाही, कारण उरलेला भाग आधार देणाऱ्या ऊतींचा आणि रक्तवाहिन्यांचा असतो. त्यापुढे फील्ड तपासणीच अधिक सांगते. माझी जाडी सहाव्या महिन्यात ६१वर स्थिरावल्यावर ‘आता वर्षातून एकदा या’ असे त्यांनीच सांगितले. दर महिन्याला बोलावून पैसे घेणे त्यांना अवघड नव्हते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सर्वांत मोठी उणीव म्हणजे अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो. भिंतीवरच्या सूचना मराठीत लावणाऱ्या केंद्राला अहवालासोबत चार ओळींचा मराठी सारांश देणे जड जाऊ नये; मॅडम तोंडी उत्तम समजावतात, पण घरी गेल्यावर ते आठवत नाही आणि ज्या रुग्णाची नजरच कमी आहे त्याला तर दुसऱ्याकडून वाचूनच घ्यावे लागते. दुसरे असे की छपाई साध्या कागदावर होते आणि पिवळा रंग हिरव्यासारखा दिसतो. स्कॅनच्या मूळ फायली मागितल्या तर मिळतात, पण स्वतःहून कोणी देत नाही. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर बराच वेळ बसावे लागते आणि तेथील बाके पाठ नसलेली आहेत. शनिवारी गर्दीमुळे मॅडमची भेट न होता नुसता कागद हातात पडण्याची शक्यता असते. तसे झाले तर या केंद्राचा निम्मा फायदा गेला असे समजावे, म्हणून वेळ ठरवतानाच ‘अहवाल डॉक्टर समजावून सांगणार का’ हे विचारून घ्यावे.

दोन्ही डोळ्यांची चेता आणि मॅक्युला मिळून मला दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च आला आणि फील्ड तपासणीचे पैसे वेगळे लागले. गावाकडच्या केंद्रात याहून काहीशे रुपये कमी पडले होते, पण गँगलियन पेशींचा स्कॅन आणि अहवालावरची चर्चा जमेस धरता पुण्याचा दर मला योग्य वाटतो. पाचपैकी चार गुण मी देईन. मराठी सारांश सुरू झाला तर साडेचार. जाताना जुने सर्व अहवाल, चष्म्याचा नंबर आणि चालू औषधांची यादी न्यावी. सोबतीला कोणीतरी असावे, कारण थेंबांनंतर काही तास गाडी चालवता येत नाही आणि एका डोळ्याची खालची नजर गेलेली असेल तर केंद्राच्या दारातल्या दोन पायऱ्या उतरतानाही हात धरावा लागतो. त्या पायऱ्यांना कठडा बसवावा, असे मी तेथील नोंदवहीत लिहून आलो आहे.